कोंबडी लंगडते? आधी तळपाय पाहा



तुर्भ्याला एपीएमसी मार्केटात माल घेऊन येणारे शेतकरी, तिथले माथाडी बंधू आणि आसपासच्या गावठाणातील रहिवासी, यांपैकी ज्यांनी हौसेने दोन-चार कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांच्यासाठी आजच्या या चार गोष्टी.

कोंबडी लंगडू लागली की घरात निदान ठरलेले: "हिला लकवा झाला." मग कुणी डोकेदुखीची गोळी चारतो, आणि अखेर सुरी फिरते. पण लंगडणे हा रोग नव्हे, ती खूण आहे. कारण तळपायापासून वर शोधत जावे.

तळपाय : संध्याकाळी कोंबडीला कुशीत धरा. पाय कोमट पाण्याने धुऊन उजेडात पाहा. गोण्यांची सुतळी किंवा कांद्याच्या जाळीचा धागा उकिरड्यावर उकरताना बोटांत गुंततो आणि आवळत जातो. बोट सुजते, पुढे काळे पडते. असा धागा बारीक कात्रीने हलकेच कापून काढा. तळव्यावर काळी घट्ट खपली आणि सूज असेल तर ते गळू. ते पिळू नका, ब्लेड लावू नका, डॉक्टरांना दाखवा. खुराड्यात कोरडा भुसा घाला, बसायची दांडी खाली घ्या.

नळी : खवले उचललेले व खरबरीत दिसले तर खाली सूक्ष्म किडे आहेत. रॉकेल लावू नका, कातडी भाजते. साबणाच्या पाण्याने धुऊन खोबरेल तेल चोळा. हे काही आठवडे नेमाने करा.

सांधे व हाड : दोन्ही पाय एकाच वेळी चाचपा. एक गरम, सुजलेला किंवा वाकडा लागला तर मुरगळ किंवा मोड समजावी.

पोट : कोंबडी फेंगडी चालते, शेपटी खाली टाकून कुंथते, तर अंडे अडकले असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाद्य : अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. नुसत्या सांडलेल्या धान्यावर ते मिळत नाही. मग कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते आणि पाय लुळे पडतात. अंड्यावरील कोंबडीचे तयार खाद्य द्या. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. बुरशी लागलेले धान्य मात्र कधीच नको.

एवढे पाहूनही काही सापडले नाही, तर मग लकव्याचा विचार करा. तलंगेचा एक पाय पुढे, एक मागे ताणलेला असेल तर मरेक्सची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही, लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते. मान पिरगळणे, हिरवट हगवण, धाप ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. अशी कोंबडी ताबडतोब वेगळी ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ती बाजारात विकू नका, नाहीतर एका खुराड्याचा रोग दहा गावांत जाईल.

डॉक्टरांकडे जाताना कोंबडीचे वय, खाद्य, दिलेल्या लसी आणि लंगडणे कधी सुरू झाले, हे लिहून न्या. औषध चालू असता अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारा.

कारण सापडले की उपाय अर्धा झाला.