कोंडलेला श्वास आणि मानेचे क्ष-किरण चित्र

(वेस्ट मांबलम येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या चाकरीत केस पांढरे केलेला मनुष्य. तरीही हा विषय घेतला, कारण आपल्या येथील बिऱ्हाडांत आजीचा अनुभवी हात बहुधा नसतो, आणि मुलाचा श्वास कोंडला की "आधी फोटो काढून घेऊ" असे आपण सुशिक्षितच म्हणतो.

फोटोचे मोल मी कमी लेखीत नाही. सेंट्रल स्थानकासमोरच्या सरकारी इस्पितळातील बर्नार्ड संस्था १९३४ पासून याच शास्त्राला वाहिलेली आहे. मानेच्या चित्रातून जाणता डॉक्टर पुष्कळ वाचतो. स्वरयंत्राखाली सूज आली, की समोरून घेतलेल्या चित्रात श्वासनलिका देवळाच्या शिखरासारखी वर निमुळती होते. (आपल्याकडील शिखर बरे का, इथल्या गोपुराचा माथा रुंद असतो!) श्वासमार्गावरचे झाकण सुजले, तर बाजूच्या चित्रात ते अंगठ्यासारखे जाड दिसते. गिळलेले नाणे समोरून पूर्ण चंद्रासारखे दिसले, तर ते बहुधा अन्ननलिकेत असते. मात्र त्या चंद्राला दुहेरी कडा असली, तर ती बटणाएवढी बॅटरी असण्याचा संभव. ती दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकते.

उलट शेंगदाणा किंवा चिंचोका अशा चित्रात सहसा दिसतच नाही. चित्र निर्मळ आले म्हणून श्वासमार्ग मोकळा, असे अनुमान काढू नये.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. झाकण सुजलेले मूल पुढे वाकून, लाळ गाळीत, बसूनच श्वास घेते. त्याला चित्रासाठी उताणे निजवले, किंवा घशात चमचा घालून पाहिले, तर उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते. हिब जंतूंवरील लसीमुळे हा रोग विरळ झाला. तामिळनाडूत ती डिसेंबर २०११ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. तरी क्रम तोच: श्वास राखणारा डॉक्टर आधी, चित्र मागाहून.

तेव्हा १०८ ला फोन करावा आणि मुलाला आईच्या मांडीवर बसतेच ठेवावे. काही अडकून खोकताही येत नसेल, तर गाडीची वाट न पाहता त्याला पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पाच जोरदार थापा द्याव्यात. घशात आंधळेपणाने बोट घालू नये. आणि भाषेवाचून अडू नये म्हणून एक वाक्य पाठ असू द्या: "कुळंदैक्कु मूच्चु तिणरुदु", म्हणजे मुलाचा श्वास कोंडतो आहे. उच्चार मराठी वळणाचा झाला तरी इथल्या माणसाला ते समजते.