कपाट उघडं ठेवणारी माणसं



वाचनालयाचं सभासदत्व सोडलं नाही म्हणून एखाद्या माणसाला दफनभूमीत जागा नाकारावी, हे पटतं का? हे याच देशात, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये घडलं. जोसेफ गिबोर हा तिथला मुद्रक. ज्या संस्थेचा तो सभासद होता, तिच्या कपाटात चर्चने बंदी घातलेली पुस्तकं होती आणि बिशप बुर्जे यांना ती खपत नव्हती. आजारपणात पाद्र्यांनी सभासदत्व सोडायला सांगितलं. गिबोर बधला नाही. १८६९ मध्ये तो वारला आणि दफनभूमीचं दार बंद झालं.

त्याची पत्नी हेन्रिएट कोर्टाची पायरी चढली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७४ मध्ये निकाल गिबोरच्या बाजूने लागला, पण तो ऐकायला हेन्रिएट उरली नव्हती. पुढच्या सप्टेंबरात शवपेटी निघाली, ती जमावाने फाटकातूनच परत पाठवली. अखेर नोव्हेंबरात हजारावर सैनिकांच्या बंदोबस्तात ती पत्नीच्या शवपेटीवर ठेवली गेली. कुणी उकरू नये म्हणून भोवती सिमेंट आणि लोखंडाचे तुकडे ओतले.

आणि या माणसाने धर्म सोडलाच नव्हता! कॅथलिक राहायचं आणि वाचायचंही, एवढाच त्याचा हट्ट.

असाच हट्ट याच देशात दुसरीकडेही दिसतो. मॅनिटोबातलं स्टाइनबाख हे गाव रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांनी १८७४ मध्येच वसवलं. लेखिका मिरियम टेव्ह्ज १९६४ मध्ये तिथे जन्मली आणि अठराव्या वर्षी गाव सोडून गेली. तिच्या 'अ कॉम्प्लिकेटेड काइंडनेस' या कादंबरीत असंच एक कर्मठ गाव आहे. पंथाबाहेर गेलेल्यांना ते वाळीत टाकतं आणि सोळा वर्षांची नोमी त्याचे घाव सोसते. २००४ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार या कादंबरीला मिळाला. मिरियमचे वडील मेल्विन मात्र गावातच राहिले. शाळामास्तर होते, चर्चला जाणारे. गावात सार्वजनिक वाचनालय व्हावं म्हणून झटले तेही हेच. पुढे त्या वाचनालयाच्या आवारात त्यांच्या नावाने वाचनबाग उभी राहिली.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट. शाळकरी भीमराव आंबेडकरांच्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र ठेवलं. केळुसकर काही धर्मत्यागी नव्हते. तुकारामांचं चरित्र त्यांनीच लिहिलं आणि शिवाजी महाराजांचंही. भीमरावांच्या घरी रामायण-महाभारताचं वाचन होतंच; त्यात हे पुस्तक आलं. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, पण दुसऱ्या दिवशी दुसरा धर्म स्वीकारला नाही. धर्म सोडायचं ठरल्यावर त्यांचं वाचन थांबलं नाही, उलट वाढलं. दादरच्या राजगृहात पुस्तकं रचली जात होती, एकेक धर्म तपासला जात होता. नागपूरची बौद्ध दीक्षा एकवीस वर्षांनी, १९५६ मध्ये झाली. 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी केळुसकरांची ती भेट आवर्जून नोंदवली आहे.

म्हणून विनंती मुलांना नाही, पालकांना आहे. उद्या तुमची मुलगी तुम्हाला न रुचणारं पुस्तक घरी आणेल. ते लपवू नका, आधी स्वतः वाचा आणि मग जेवणाच्या टेबलावर तिच्याशी हवं तेवढं भांडा. तिचं मत बदलेल किंवा तुमचं. दोन्हींची तयारी ठेवा.

बक्षीस समारंभ खोळंबलाय आणि पुढच्या रांगेतली मंडळी चुळबुळ करू लागली आहेत. मुख्याध्यापकबाई, पहिलं नाव पुकारा.