घाटरस्ता आणि वाटेवरची गावे



कृष्णेचे खोरे आणि कोकण यांना सांधणाऱ्या सह्याद्रीतील रस्त्यांमध्ये वाई ते पोलादपूर हा रस्ता विशेष प्रसिद्ध आहे. वाईहून पसरणीचा घाट चढावा, पाचगणी व महाबळेश्वर मागे टाकावे आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूर गाठावे, असा हा सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास आहे. मोटारीने तो दोन-अडीच तासांत उरकता येतो, आणि बहुसंख्य प्रवासी तो तसाच उरकतात. चार-दोन 'पॉइंट' पाहिले, वेण्णा तलावात नौकाविहार केला, स्ट्रॉबेरीची खरेदी झाली की सहल पुरी झाली, अशी समजूत रूढ झाली आहे. वाटेवरची गावे खिडकीतून मागे पडत राहतात. त्यांच्या वाट्याला येते ती केवळ धूळ, वाहनांची रांग आणि प्रवाशांनी टाकलेला कचरा.

रस्ता गावावरून जातो, एवढ्याने गावाचा विकास होत नाही. प्रवासी गावात थांबावा लागतो; आणि तो थांबावा असे वाटत असेल तर आपल्यापाशी काय आहे याची जाण प्रथम गावाला असावी लागते. या सत्तर किलोमीटरांत ही गोष्ट पावलोपावली प्रत्ययास येते.

प्रारंभ वाईपासूनच करावा. कृष्णेच्या काठचे दगडी घाट आणि सरदार रास्ते यांनी अठराव्या शतकात बांधविलेले ढोल्या गणपतीचे मंदिर सर्वश्रुत आहे. जवळच मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याला लागून नदीचा घाट आहे. वसईचा किल्ला 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकला, त्या वेळी तेथील चर्चमधून आणलेली एक घंटा या घाटावरील छोट्या देवळात आजही टांगलेली दिसते. इतिहासाचा एक संपूर्ण धडा त्या घंटेपाशी उभे राहून शिकविता येईल. मराठी विश्वकोशाचे कार्यही याच गावातून चालले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीतील ज्ञानाचा एवढा मोठा प्रकल्प राजधानीत नव्हे, तर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आकारास आला, ही बाब विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याजोगी आहे. शालेय सहलीच्या कार्यक्रमात वाई म्हणजे केवळ न्याहारीचे ठिकाण असू नये.

घाटाच्या पायथ्याशी पसरणी आहे. घाटाचे नाव सर्वांना ठाऊक असते. ज्या गावावरून ते पडले, तेथे उतरणारे थोडे. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले गीत ज्यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले, ते शाहीर साबळे या पसरणीचे सुपुत्र.

घाट चढताना खाली धोम जलाशयाचे पाणी दिसू लागते आणि माथ्यावर पाचगणी येते. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथे वस्ती वसविण्यात पुढाकार घेतला आणि देशोदेशीची झाडे लावून पाहिली. आज गावावर सावली धरणारे सिल्व्हर ओक ही त्याच प्रयत्नांची खूण. कोरड्या, निरोगी हवेमुळे येथे निवासी शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. गावालगतचे टेबललँड हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार म्हणजे निसर्गाने निर्माण केलेले खुले उद्यानच होय. त्याला कुंपण नाही, कारंजी नाहीत; मोकळेपणा हेच त्याचे वैभव. ते जपणे म्हणजे तेथे काही नवे बांधणे नव्हे, तर बांधण्याचा मोह आवरणे होय. स्वच्छ सर्वेक्षण 2022 मध्ये एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत पाचगणीने देशात पहिला क्रमांक मिळविला. पर्यटकांची वर्दळ असलेले लहान गावही स्वच्छ राहू शकते, याचा हा पुरावा.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघाले की वाटेत भिलारचा फाटा लागतो. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांचे हे गाव. राज्य शासनाच्या पुढाकाराने 4 मे 2017 रोजी येथे 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. त्यासाठी मोठी इमारत बांधली गेली नाही. आरंभी पंचवीस ठिकाणी, गावकऱ्यांची घरे, देवळे, शाळा अशा जागांत पुस्तके मांडण्यात आली. कोणाच्या ओसरीवर कथा-कादंबऱ्या, कोणाच्या माडीवर इतिहास, तर कोठे बालसाहित्य. प्रवासी आला की तो घरात येऊन बसतो, वाचतो, घरच्या माणसांशी चार शब्द बोलतो. पूर्वी जो फाट्यावरून सरळ पुढे जात असे, तो आता गावात येतो. शासनाने पुस्तके दिली. परंतु आपल्या घराचे दार उघडण्याचा निर्णय गावकऱ्यांचा होता. या उपक्रमाचे मर्म त्यात आहे. प्रत्येक गावाने पुस्तकेच मांडावीत असे नाही. जे आपले आहे ते ओळखावे आणि नीट मांडावे.

महाबळेश्वर हे या रस्त्याचे शिखर. सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळात, 1828-29 च्या सुमारास, येथे थंड हवेचे ठिकाण वसले. क्षेत्र महाबळेश्वर मात्र त्याहून कितीतरी प्राचीन. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथील पंचगंगा मंदिरात मानला जातो. सावित्री पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्राला मिळते. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळून पुढे बंगालच्या उपसागराकडे जातात. डोंगराच्या या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वाईत तर एक हजार मिलिमीटरच्याही आत. तीस-बत्तीस किलोमीटरांतील हा फरक पाहिला म्हणजे माथ्यावरचे रान हे खालच्या गावांच्या पाण्याचे भांडवल आहे, हे सहज उमजते. याच जाणिवेतून केंद्र शासनाने 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि तेथील वृक्षतोड, उत्खनन व बांधकाम यांवर बंधने घातली.

ही बंधने काहींना जाचक वाटतात. परंतु जुलै 2021 विसरता येणार नाही. त्या महिन्यात महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस कोसळला. आंबेनळी घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता वाहून गेला आणि वाहतूक बंद पडली. घाटाखालच्या पोलादपूर तालुक्यात दरडींखाली माणसे दगावली; शेजारच्या महाड तालुक्यात तळिये या एकाच गावात ऐंशीहून अधिक जीव गेले. एवढ्या पावसापुढे माणसाचे फारसे काही चालत नाही, हे खरे. परंतु डोंगर कापून काढलेला उतार, बुजलेला ओढा आणि तोडलेले रान यांमुळे संकटाला वाट मिळते. ती वाट अडविणे मात्र माणसाच्या हाती आहे.

आंबेनळी उतरताना प्रतापगड लागतो. 1659 च्या रणसंग्रामाचा हा साक्षीदार 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. जगाचे लक्ष गेले की वर्दळही वाढेल. तिचा भार पायथ्याच्या वाड्यांना सोसावा लागेल. तसा लाभही त्यांनाच पोहोचावा, अशी व्यवस्था आजच आखली पाहिजे. खाली पोलादपूर तालुक्यात उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. गड पाहून परतणाऱ्या किती सहली तिकडे वळतात, याचा शिक्षकांनी विचार करावा.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने या प्रवासाचे सार थोडक्यात सांगता येईल. गावात थांबणाऱ्या माणसासाठी स्वच्छ पाणी, स्वच्छतागृह, वाहनतळ आणि माहिती सांगणारा गावचाच एखादा जाणता तरुण, एवढे असले तरी आरंभ होतो. त्यासोबत पावसाळ्यापूर्वी ओढे-नाले मोकळे करणे, उतारावरच्या बांधकामाला परवानगी देताना खालच्या वस्तीचा विचार करणे आणि रानातील झाड हे गावाचे धन मानणे, ही कामे टाळता येण्यासारखी नाहीत. पहिल्या कामांनी प्रवासी येईल; दुसऱ्या कामांनी गाव राहील. गावच राहिले नाही, तर प्रवाशाने थांबावे कोठे?