गाणं म्हणता येतं, पाणी मागता येत नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढले आहेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

 

मी म्युझिक थेरपिस्ट आहे. लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे वा, मग बीपीसाठी कोणता राग ऐकायचा?" तो व्हॉट्सअॅपवरचा तक्ता मलाही महिन्यातून एकदा येतोच. डावीकडे आजार, उजवीकडे राग. मंडळी, राग जरूर ऐका, मीही ऐकते. पण अमुक राग अमुक आजार बरा करतो, असा भक्कम पुरावा नाही. आणि माझं काम त्या तक्त्यासारखं चालतही नाही. समोर माणूस बसल्यावर मी काय ठरवते, कशावरून ठरवते, आणि चुकलं की काय करते, हे आज एका पेशंटच्या गोष्टीतून सांगणार आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तर, एक काका. साठी ओलांडलेली, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात आणि उजवा पाय कमजोर, आणि बोलणं गेलं. समजत होतं सगळं. "दार कुठाय?" विचारलं की दाराकडे बघायचे, विनोद केला की हसायचे. पण शब्द बाहेर येत नव्हता. याला अफेजिया म्हणतात, त्यातला बोलणं अडकणारा प्रकार. स्पीच थेरपी चालू होती. मुलगा माझ्याकडे घेऊन आला आणि बसायच्या आधी फोन काढला. "मॅडम, हा व्हिडिओ बघा. बाबांना बोलता येत नाही, पण गाणं म्हणतात!"

खरंच म्हणत होते. घरात रोज होणारी आरती, शब्दांसकट. घरच्यांना तो चमत्कार वाटत होता.

चमत्कार नाही हो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं मुख्य काम डाव्या बाजूला चालतं. गाण्याला मात्र दोन्ही बाजू लागतात. शिवाय हजारदा म्हटलेली आरती आपण 'बोलत' नसतो, ती आपोआप सुटते. एक ते दहा आकडे, वारांची नावं, तशीच. अफेजिया झालेल्या कित्येकांना शिव्याही सुरेख देता येतात, तेही याच कारणाने. काकांचंही तसं होतं, पण ते काकूंसमोर मी सांगितलं नाही.

आता माझं काम. पहिल्या भेटीत मी वाद्य हातात घेत नाही, आधी बघते. ऐकू नीट येतं का? फिट येण्याचा इतिहास आहे का? काही थोड्या लोकांना विशिष्ट संगीतानेच फिट येऊ शकते, म्हणून हा प्रश्न सोडायचा नाही. लक्ष किती मिनिटं टिकतं? ऐकून उच्चारता येतं का? कोणतं संगीत आवडतं, आणि कोणतं अजिबात नको? हे सगळं मी नीट केलं. स्पीच थेरपिस्टशी फोनवर बोलले, न्यूरॉलॉजिस्टचे कागद वाचले.

आणि मग चुकले. कुठे, ते ऐका.

मुलाला विचारलं, "तुम्हाला काय व्हायला हवंय?" तो म्हणाला, "दोन महिन्यांनी माझ्या मुलीचं बारसं आहे. बाबांनी तिथे एक गाणं म्हणावं." किती गोड! मी लगेच लिहून टाकलं. ध्येय: बारशात गाणं. आठवड्यातून दोन सेशन. गाणी निवडली, हार्मोनियम घेतली, सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात एक कडवं, सहाव्या आठवड्यात पाच गाणी. माझ्या वहीतला आलेख मस्त वर चाललेला. मुलगा खूश, मी खूश.

सहाव्या आठवड्यात काकू मागे थांबल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे छान गातात हो. पण काल रात्री यांना तहान लागली. मला हलवून उठवलं. अंधारात बोट कुठे दाखवतायत ते मला दिसेना. मी लाइट लावला, चादर काढली, पाय दाबले. मग चिडले आणि रडायला लागले. एवढी गाणी येतात, मग पाणी का मागता येत नाही?"

मला उत्तर माहीत होतं, म्हणून जास्त लाज वाटली. पाठ असलेलं गाणं म्हणणं आणि स्वतःच्या मनातलं वाक्य बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं रोज केल्याने दुसरं आपोआप येत नाही. मी जे मोजत होते ते वाढत होतं. जे लागत होतं ते मी मोजतच नव्हते. आणि ज्यांची थेरपी चालली होती, त्या काकांना 'तुम्हाला काय हवंय' हे मी विचारलंच नव्हतं. बोलता येत नाही म्हणून मुलाला विचारलं. समजत होतं ना त्यांना सगळं!

सगळी योजना बदलायची ठरवली. यासाठी एक पद्धत आहे, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी ती मांडली. गॅब्रिएल गिफर्ड्स या माजी अमेरिकन खासदाराचं नाव ऐकलं असेल. २०११ मध्ये त्यांच्या डोक्यात गोळी लागली, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलं, आणि त्यांच्या उपचारात संगीताचा वापर झाला, तेव्हा जगभर याची चर्चा झाली.

ही पद्धत सरसकट सगळ्यांना लावायची नसते. डाव्याच बाजूला इजा, बोलणं अडकतं पण समजतं बऱ्यापैकी, लक्ष देता येतं, मन तयार आहे, अशांना ती बसते. जे भरभर बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं समजतही नाही, त्यांच्यासाठी ही नाही. काका बरोबर बसत होते. खरं तर पहिल्याच दिवशी बसत होते.

पण वाक्यं कोणती? हा खरा निर्णय, आणि इथे मी सर्वात जास्त वेळ घालवला. कारण सांगते. नेदरलँड्समध्ये या पद्धतीच्या चाचण्या झाल्या, २०१४ आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत फायदा दिसला, पण मुख्यतः ज्या वाक्यांचा सराव केला त्याच वाक्यांत. जुना स्ट्रोक असलेल्यांमध्ये फायदा मर्यादित होता. काकांना तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. म्हणजे वेळ होती, पण जे घोटून घेऊ तेवढंच हाताशी राहण्याची शक्यता जास्त. मग ती दहा वाक्यं चुकवून चालणार नाही.

काकूंना सांगितलं, तीन दिवस एक काम करा. काका जे जे मागायचा प्रयत्न करतील ते लिहून काढा. त्या यादीतून मी चित्रांची कार्डं केली आणि काकांसमोर टेबलावर मांडली. "तुम्ही निवडा." डाव्या हाताने त्यांनी कार्डं सरकवली. माझा अंदाज होता की पाणी पहिलं येईल. त्यांनी पहिलं उचललं ते 'नको'.

मी परत विचारलं, नक्की? मान हलवली. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही सगळे येता-जाता भरवत असतो ना."

तर पहिला शब्द 'नको', दुसरं 'पाणी दे', मग 'बाथरूम', 'पंखा लाव', 'दुखतंय'. 'चहा' पाचव्या नंबरच्याही खाली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता प्रत्यक्ष कसं करतात? दोनच स्वर घ्यायचे, एक खालचा, एक वरचा. साधारण सा आणि कोमल ग एवढं अंतर. लांबून आईला हाक मारताना 'आ-ई' मध्ये येतं ना, तसलं. बोलण्यात जिथे आवाज चढतो तिथे वरचा स्वर. 'न' खाली, 'को' वर आणि लांब. आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने टेबलावर एक ठोका. मी त्यांचा हात धरून ठोके देते आणि आधी फक्त गुणगुणते. मग दोघं मिळून गातो. मग मी अर्ध्यात गप्प होते, ते पुढे नेतात. मग मी एकटी म्हणते, ते परत म्हणतात. शेवटी मी विचारते, "अजून भात वाढू?" आणि त्यांनी उत्तर द्यायचं. एखादी पायरी जमली नाही की एक पायरी मागे. पुढे हळूहळू गाण्याचा सूर कमी करत ते बोलण्यासारखं करायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, आणि आहेच. हार्मोनियम कोपऱ्यात पडून होती.

ठोके मात्र काकांनी स्वतःचे आणले. मी सांगितलेली संथ लय त्यांना जमेना. एकदा चिडून त्यांनी बोटांनी टेबलाच्या कडेवर टकटक केलं, आणि मला जाणवलं, अरे, हे तर तिकिटाच्या पंचचं टकटक! जुन्या एसटीत कंडक्टर गर्दीतून येताना पंच वाजवत यायचे, ते आठवतंय ना? तुमच्यातल्या लहानांना नसेल. मी तीच टकटक थोडी हळू करून घेतली. त्या दिवशी 'चला, पुढे चला' आपोआप बाहेर पडलं. सगळे हसलो, काकाही. शब्द आपोआप सुटलेलाच होता, पण तिथून 'चला' आम्ही यादीत घेतला. फिरायला जायचं असलं की 'चला'. लय महत्त्वाची, हे नुसतं माझं मत नाही बरं का. २०११ मधला एक जर्मन अभ्यास असं सुचवतो की सुरापेक्षा लय आणि सवयीचे शब्द जास्त काम करत असावेत. वाद अजून मिटलेला नाही.

आठवड्यातून दोनदा पुरणार नव्हतं, या पद्धतीला जवळजवळ रोज सराव लागतो. म्हणून काकूंना शिकवलं. रोज वीस मिनिटं, दोन वेळा, थकले की बंद. आणि मोजणीही बदलली. माझ्या खोलीत किती वेळा म्हटलं, याला दुय्यम जागा. घरी, कुणी न सांगता, गरज असताना किती वेळा म्हटलं? काकू कालनिर्णयच्या त्या-त्या चौकोनात पेनने टिंब काढायच्या. दर दोन आठवड्यांनी आम्ही टिंबं मोजायचो. पहिले दोन आठवडे कोरे गेले. मी धीर सोडत होते, खोटं का बोलू. तिसऱ्या आठवड्यात एक टिंब. 'नको'. भेंडीच्या भाजीला.

इथे थोडं थांबून एक तुलना. त्याच काळात माझ्याकडे पार्किन्सनच्या एक मावशी होत्या. पावलं छोटी, वळताना पाय जमिनीला चिकटायचे. तिथे शब्दांचा प्रश्नच नाही. तिथे ठोका हवा. अमेरिकेत मायकेल थॉट यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं होतं की तीन आठवडे तालावर चालण्याचा सराव केला तर चाल सुधारते. पण ताल कुठून घ्यायचा? आधी मावशींना चालवलं, अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ते मोजलं, दुप्पट केलं. तोच पहिला ताल. मग जमेल तसा पाच-दहा टक्क्यांनी वाढवला. त्यांच्या नातवाने उत्साहाने लेझीमची हलगी लावली होती, ती आधी बंद केली. मावशी पडल्या असत्या ना! आणि फिजिओथेरपिस्ट शेजारी असल्याशिवाय हे घरी करून बघू नका, प्लीज.

मोजायचं काय, या प्रश्नावर मोठे मोठे अभ्यासही अडकतात. ऑटिझम असलेल्या चार ते सात वर्षांच्या ३६४ मुलांवर नऊ देशांत संगीतोपचाराची चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. ऑटिझमच्या मुख्य लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. आमच्या क्षेत्रात बरीच निराशा झाली. काही जण म्हणाले, मोजमापच चुकीचं होतं. असेलही. पण आधी तो निकाल सरळ मान्य करायला हवा, असं मला वाटतं. नाहीतर आपणही त्या व्हॉट्सअॅप तक्त्याच्या रांगेत जाऊन बसतो. आता ऑटिस्टिक मुलाचे पालक आले की मी म्हणते, "लक्षणं जातील असं मी सांगणार नाही. तुम्हाला त्याच्याबरोबर रोज काय करता येत नाही, ते सांगा." तिथून सुरू करते.

परत काकांकडे. बारशात त्यांनी गाणं म्हटलं, हो. पाळण्याशेजारी खुर्ची टाकली होती. मुलाने व्हिडिओ पाठवला. पण तोवर ते योजनेतलं ध्येय राहिलं नव्हतं.

चार महिन्यांनी दहापैकी सात वाक्यं घरी येत होती. दोन कधीतरी. 'बाथरूम' शेवटपर्यंत जमलं नाही, त्यासाठी काकूंनी उशीजवळ घंटी ठेवली. नवी वाक्यं टाकून पाहिली, ती मात्र फार हळू येत होती. सलग दोन मोजण्यांत टिंबं वाढली नाहीत, तेव्हा मी मुलाला बोलावलं आणि सेशन कमी करत आणून बंद करायचं सुचवलं. त्याला पटलं नाही. "मॅडम, पैशांचं बघू नका, चालू ठेवा. बाबा पूर्वीसारखे बोलायला लागतील." मी म्हटलं, "दादा, ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं." तो बराच वेळ गप्प बसला. मग स्पीच थेरपिस्टशी तिघांनी बोलून ठरवलं की पुढची मेहनत चित्रांच्या पाटीवर आणि फोनवरच्या अॅपवर घालायची. माझ्याकडे तीन महिन्यांतून एकदा यायचं.

परवाच येऊन गेले. जिना चढून आले आणि दारातूनच डाव्या हाताने चौकटीवर टकटक करून म्हणाले, "पा-णी दे." काकूंनी हळूच दुरुस्ती केली, "द्या म्हणा, ताई आहेत त्या."

पुढच्या भागात आयसीयूत संगीत लावावं की नाही, यावर एका नर्सताईंशी गप्पा आहेत. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, शक्यतो एका मिनिटाच्या आत. भेटूच.