काळी वाळू, तांबडी पूड

श्रोतेहो, ओहोटीच्या वेळीं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूंत काळे पट्टे उमटलेले दिसतात. मुलें त्यांतून चुंबक फिरवितात आणि त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. ते कण मॅग्नेटाइटचे. त्यांच्या सोबतीला असतें इल्मेनाइट, म्हणजे लोह, टिटॅनियम व प्राणवायु यांचें संयुग. याच इल्मेनाइटचें संयुग प्रचंड दाबाखालीं निराळ्या रचनेंत बसविलें आणि अतिशय थंड केलें, तर त्यांत चुंबकत्व व विद्युत्-ध्रुवता हीं दोन्ही एकत्र नांदतात, असें २००९ सालीं प्रयोगानें दिसून आलें. अशा द्रव्यांना मल्टिफेरॉइक म्हणतात.

हा संसार दुर्मिळ कां? चुंबकत्वाला अणूंतील अर्धवट भरलेल्या कक्षा लागतात. विद्युत्-ध्रुवतेला बहुधा रिकाम्या कक्षा मानवतात. बिस्मथ फेराइट या द्रव्यांत मात्र कामाची वांटणी झाली आहे. ध्रुवता बिस्मथ सांभाळतो, चुंबकत्व लोह सांभाळतें, आणि तेंहि आपल्या खोलींतील साध्या उष्णतेंत. विजेनें चुंबकाची दिशा फिरवितां आली, तर थोड्या शक्तींत माहिती साठवितां येईल, ही त्यामागची आशा आहे.

त्याची पूड करण्याची एक रीत ऐका. बिस्मथ व लोह यांचीं नायट्रेटें सौम्य आम्लांत विरघळवितात, त्यांत टार्टरिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेंतलेंच आम्ल, घालतात. मिश्रण आटवून सुकवितात आणि सुमारें ६०० अंशांपर्यंत भाजतात. आंच अधिक झाली कीं बिस्मथ वाफेवाटे निसटतो आणि कण फुगतात; कमी झाली तर संयोग अपुरा राहतो. या द्रव्यांत लोहाचीं चुंबकें दर ६२ नॅनोमीटरांना एक वळसा पुरा करितात, त्यामुळें एकंदर चुंबकत्व जवळजवळ शून्य होतें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण त्या वळशाहून लहान झाला कीं वळसा पुरा होत नाहीं आणि थोडें चुंबकत्व उघडें पडतें.

पूड तांबूस दिसते, कारण ती निळा-हिरवा प्रकाश गिळते. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कामांत ८० ते १२० नॅनोमीटरांच्या कणांकरितां ही प्रकाश-मर्यादा २.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजली गेली, आणि साध्या दृश्य प्रकाशांत त्या कणांनीं पाण्यांतील मिथिल ऑरेंज हा रंग नाहींसा केला. रंगाच्या कारखान्यांतून येणाऱ्या सांडपाण्याच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु येथेंच फसगत होते. पुडींत शेकडा एक भाग मॅग्नेटाइट राहिला, तर सारें चुंबकत्व त्याचेंच असूं शकतें. आणि एवढा अल्प भाग क्ष-किरणांनाहि कधीं कधीं चुकवितो. आपल्या जांभ्या दगडाला लाली देणारें हेमॅटाइट मागें उरलें, तर तेंहि तसाच प्रकाश गिळतें. म्हणजे किनाऱ्यावरचें काळें द्रव्य चुंबकाला फसवितें आणि डोंगरावरचें तांबडें द्रव्य डोळ्याला! म्हणून जो संशोधक मोठा आंकडा हातीं आल्यावर आनंदण्यापूर्वीं पूड पुन्हां धुतो, पुन्हां तपासतो, त्याचाच आंकडा टिकतो.

श्रोतेहो, आपल्या वाळूंत हें द्रव्य तयार सांपडत नाहीं. पण ओळखीच्या वस्तूकडे दोनदां पाहावें, एवढा धडा मात्र ती वाळू आपणांस फुकट देते.