ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

(खापर, ता. अक्कलकुवा इथे पालक आणि तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला विषय दिला होता, 'आपला समाज काळाच्या मागे का?' विषय फार मोठा आहे आणि मी काही विचारवंत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तेव्हा समाजाचं बाजूला ठेवतो आणि आमच्या घरापासून सुरुवात करतो.

आमच्या घरात टीव्ही नव्हता. इथल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे, कारण त्यांच्याच खिडकीत उभं राहून मी 'शक्तिमान' पाहिलाय. अब्बा म्हणायचे, घरात टीव्ही आला की फरिश्ते येत नाहीत. रेडिओला मात्र फरिश्त्यांची हरकत नव्हती. मॅच असली की अब्बा टेम्पोत ट्रान्झिस्टर लावून बसायचे आणि सचिन आऊट झाला की त्या दिवशी आम्हा पोरांची काही खैर नसायची.

२००७ साली मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ही मुलं मराठी बोलतात, हिंदी बोलतात, पण मला त्यांचं अर्धं बोलणं कळत नाही. कुणी सिनेमातलं एक वाक्य टाकायचा, बाकीचे हसायचे, मीही अंदाजाने हसायचो. मी 'शोले' पाहिलेला नव्हता. एकाने ऑर्कुटवर आहेस का विचारलं, मला वाटलं ऑर्कुट हे एखाद्या हॉटेलचं नाव आहे. त्याच सप्टेंबरात भारताने टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकला. त्या रात्री टीव्हीच्या खोलीत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी स्लो-मोशनमध्ये कॅच पाहत होतो.

लाज वाटली. घरच्यांचा रागही आला. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो सगळा मागासलेपणा संपला होता. रूममेटच्या कॉम्प्युटरवर मी रोज एक सिनेमा पाहत होतो, कधी दोन. तेव्हा एक गोष्ट कळली. सिनेमा, गाणी, मालिका यांत माणूस मागे पडला तर ती उधारी फार लवकर फिटते. आज मी पुन्हा मागे आहे. माझी भाची रीलमधलं काहीतरी बोलते, मला कळत नाही, ती म्हणते, 'मामू, तुम्ही अंकल झालात.' झालो तर झालो. माझं काही बिघडलं नाही.

इतकंच काय, ठरवून मागे राहण्यातही मजा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये काय केलं, ते तुम्ही वाचलं असेल. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. मला ते आवडलं. पण नीट बघा, तिथे सगळ्यांचं बंद होतं, बापाचंसुद्धा. आणि साडेआठला परत चालू करायचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे असतो.

आमच्या घरात भोंगा फक्त एकीसाठी वाजला आणि तो बंद झालाच नाही. ती माझी धाकटी बहीण. ती मागे बसलीये, तिला विचारूनच मी हे सांगतोय.

गणितात ती माझ्यापेक्षा पुढे होती. ती बारावीला पोहोचली तेव्हा घरात टीव्ही आला होता. अब्बांकडे मोबाइल आला होता, भावाकडे होता, माझ्याकडे तर विचारूच नका. माझं तेव्हाचं कामच मोबाइलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, टेस्टिंगसाठी टेबलावर चार-चार हँडसेट पडलेले असायचे. सुट्टीत घरी आलो की ती म्हणायची, भाईजान, एखादा जुना मला द्या. मी म्हणायचो, अब्बांना विचार. मला चांगलं माहीत होतं की अब्बा नाही म्हणणार. म्हणजे नाही मीच म्हणत होतो, फक्त त्यांच्या तोंडून.

मग तिने नर्सिंगला जायचं ठरवलं. अर्ज ऑनलाइन. नंबर अब्बांचा दिला, दुसरा कुठला देणार? शेवटचा दिवस. ती कॅफेत बसलेली, अब्बा माल घेऊन अंकलेश्वरच्या रस्त्याला. सेलंबा गेलं, सागबारा गेलं, डेडियापाड्याच्या जंगलात रेंज नाही. ओटीपी गेला, तो अब्बांच्या खिशात कधी पोहोचला कोण जाणे. कॅफेवाल्याने तीनदा पाठवला आणि मग पानावर आलं की आता चोवीस तासांनी प्रयत्न करा. चोवीस तासांनी मुदत संपलेली होती. तिने मला फोनही केला नाही. कशावरून करणार?

वर्षभराने तिचं लग्न झालं. चांगलं घर आहे, ती सुखात आहे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच हळहळाल. पण ती नर्स झाली नाही.

आता माझ्या धंद्याचं पाप सांगतो. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही माणसाची नोंद करतो. त्यात मोबाइल नंबरचा एक रकाना असतो आणि त्याला नियम असतो, एका नंबरवर एकच माणूस. दुसऱ्याने तोच नंबर टाकला की लाल अक्षरांत येतं, 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे.' ते वाक्य मी स्वतः लिहिलंय, एकदा नाही, अनेकदा. एसी ऑफिसात बसून ते अगदी बरोबर वाटतं. खापरला घरात एक नंबर असतो, माणसं सात. मी या घरात वाढलो, तरी लिहिताना मला ते आठवलं नाही. खिशात स्वतःचा मोबाइल असला की हे विसरायला वेळ लागत नाही.

आपला जिल्हा मागास आहे असं सगळे म्हणतात. पण देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? आपल्या टेंभलीत, शहादा तालुक्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते आणि पहिलं कार्ड एका आदिवासी बाईच्या हातात दिलं. म्हणजे या बाबतीत नंदुरबार मुंबईच्याही पुढे होतं. पुढे त्या बारा आकड्यांना मोबाइल नंबर जोडायची वेळ आली, आणि आपल्या बायांच्या आधारला जोडला गेला तो नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर दुकानदाराचा नंबर.

हे एकट्या आपल्याकडचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, स्वतः वापरते असा स्वतःचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. उरलेल्या जवळपास निम्म्या बायांचा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी आलं. धडगावकडच्या बाया रेंजसाठी टेकडीवर चढल्या, झाडाच्या फांदीला मोबाइल टांगून बसल्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं. पण रेंज मिळून भागत नव्हतं. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी लागत होता. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी नंतर कागदपत्रं देण्याची सोय झाली, मुदतही वाढली. चांगलं झालं.

आता आपल्या मोहल्ल्याचा विचार करा. एखाद्या बाईला नवऱ्याने तोंडी तलाक दिला आणि तो निघून गेला. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. म्हणजे कायद्याने ती त्याची बायको आहे. जमातीत सगळे तिला तलाकशुदा म्हणतात. तिच्याकडे कोर्टाचा कागद नाही, मृत्यूचा दाखला नाही, आणि ओटीपी त्या माणसाच्या मोबाइलवर, जो तिचा फोन उचलत नाही. अशा बाईने कुठला रकाना भरायचा? मी इंजिनिअर आहे, मला उत्तर देता आलं नाही.

आणि आपण पुरुष तंत्रज्ञानाला घाबरतो असं मला कुणी सांगू नये. एसएमएसवरून तलाक दिले गेले, व्हॉट्सअ‍ॅपवरून दिले गेले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे यंत्र नवं आहे, आधी विचार करू. लाउडस्पीकर आला तेव्हा नमाजात तो चालेल का यावर आपल्या उलेमांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला, आणि आधी नको म्हणणाऱ्यांपैकी काहींनी पुढे मत बदललं. आपल्या अक्कलकुव्यातच बघा, जिथे हजारो मुलं कुराण शिकतात त्याच जामियाच्या संस्थांमध्ये इंजिनिअरिंग आणि फार्मसीही शिकवतात. तेव्हा दीन आडवा येतो हे कारण मला पटत नाही. यंत्र आपण कधीच नाकारलं नाही. ते कुणाच्या हातात द्यायचं, एवढंच आपण ठरवत आलो.

भीतीचं मात्र मी खोटं म्हणणार नाही. मघाशी चहा पिताना एक चाचा म्हणाले, 'बेटा, मुलीचा फोटो कुठून कुठे जातो, तू तरी सांगू शकतोस का?' नाही सांगू शकत, चाचा. २०२१ च्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचे प्रकार झाले. मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून इंटरनेटवर त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी, कुणालाच सोडलं नाही. ज्या गिटहबवर तो मांडला होता, तिथेच मी रोज माझं काम ठेवतो. त्या आठवड्यात मला लॅपटॉप उघडावासा वाटत नव्हता.

पण पुढचंही सांगतो. त्या प्रकरणात ज्यांना अटक झाली त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, माझ्यासारखेच. मोबाइल बिघडवतो म्हणून कुणाच्या मुलाचा मोबाइल काढून घेतल्याचं मी ऐकलं नाही. आणि ज्या बायकांनी तक्रार केली, त्यांनी स्क्रीनशॉट काढले, लिंक जपून ठेवल्या, पोलिसांना दाखवल्या. ज्या मुलीला मोबाइल हाताळताच येत नाही तिचाही फोटो शाळेच्या ग्रुपवरून, लग्नाच्या व्हिडिओतून जातोच. फक्त तो गेलाय हे तिला सगळ्यांत शेवटी कळतं.

अब्बांवर मी हे सगळं ढकलत नाही. गेल्यावर्षी त्यांचा इंतकाल झाला. शेवटच्या महिन्यांत रोजची औषधं, दवाखान्याची वेळ, पेन्शनचा निरोप, सगळं बहिणीच्या मोबाइलवर यायचं आणि ते तिलाच विचारायचे, 'बेटा, काय आलंय बघ गं.' २०१९ मध्ये तिला पहिला मोबाइल तिच्या नवऱ्याने घेऊन दिला. मी नाही.

बोलणं पुरे. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय, बँकेच्या खात्याला कुणाचा, एवढं आज तपासून घ्या. ज्यांना नंबर बदलायचा आहे त्यांनी नाव लिहा, पुढच्या आठवड्यात गाडी करून सगळ्यांना मिळून आधार केंद्रावर नेऊ. आदिवासी पाड्यांवरच्या बहिणींनीही यावं, ही सोय फक्त आपल्या मोहल्ल्यापुरती नाही. पुरुषांनी आपला मोबाइल घेऊन टेबलावर येऊ नये, फक्त बायकोला, मुलीला पाठवावं. टेबलावर माझी बहीण बसेल. हे काम तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिचा मोबाइल उघडायचा झाला तर तिलाच सांगा, पासवर्ड मला माहीत नाही. परवा विचारला होता, ती हसली आणि म्हणाली, 'अब्बांना विचारा.'