कोशाची शाल आणि परदेशची जकात

नागभीडचे नाव आपणांपैकी पुष्कळांनी रेल्वेच्या वेळापत्रकातच वाचले असेल. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील हे जंक्शन; भोवती धानाची शेते आणि त्यांपलीकडे जंगल. या जंगलातील ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे वाढतात. ढीवर कुटुंबे पाखरांपासून व मुंग्यांपासून त्यांची राखण करतात, कोश उकळून त्यांचा धागा काढला जातो, आणि कोष्ट्याच्या मागावर त्याचे मधाच्या रंगाचे वस्त्र तयार होते. एका शालीमागे इतक्या हातांचे श्रम असतात.

या वस्त्राला आता परदेशांतूनही मागणी येते. शिकागो किंवा लंडन येथे स्थायिक झालेले आपलेच लोक घरच्या कार्यासाठी शाल किंवा उपरणे मागवितात. शाल येथून निघते खरी. परंतु दुसऱ्या देशाच्या सीमेवर जकातीचा नाका असतो, आणि विणकराची खरी परीक्षा तेथे होते.

माझ्या ओळखीच्या एका विणकराने ६००० रुपयांची शाल टपालाने परदेशी धाडली. ती मागविणाऱ्या बाईंना जकातीची काहीच कल्पना नव्हती. दारात पैशांची मागणी होताच त्यांनी पार्सल नाकारले. शाल तीन महिन्यांनी परत आली. टपालखर्च बुडाला आणि पुढच्या सुतासाठी राखलेला पैसा अडकून पडला. यात लबाडी कोणाचीच नव्हती. जकात कोणी भरायची, हे आधी ठरलेले नव्हते, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, ही जकात माल ज्या देशात उतरतो तो देश घेतो. ती भरण्याच्या रीती दोन. एक, माल हाती येताना घेणाऱ्याने भरणे. दुसरी, धाडणाऱ्याने आगाऊ भरून ती रक्कम किमतीत धरणे. दोन्ही रीती योग्यच आहेत. मात्र कोणती पत्करली ते मागणीच्या पत्रातच लिहिलेले असावे.

हा नियम किती अकस्मात बदलतो, ते २०२५ साली दिसून आले. अमेरिकेत २०१६ पासून एका व्यक्तीच्या नावे एका दिवसात येणारा ८०० डॉलरपर्यंतचा माल जकातीविना सुटत असे. २०२५ च्या २९ ऑगस्टला ही सवलत थांबली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर गेली होती. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून, पत्रे, कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळता, अमेरिकेकडील टपाल घेणे बंद केले. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले तेव्हा जकात येथेच आगाऊ भरण्याची व्यवस्था झाली. त्या वेळच्या ५० टक्के दराने ६००० रुपयांच्या शालीवर ३००० रुपये होत. असे दर पुन्हा पुन्हा बदलतात. म्हणून प्रत्येक खेपेपूर्वी नवी चौकशी करावी, मागच्या पावतीवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. व्यापारासाठी माल धाडणाऱ्याने आयात-निर्यात क्रमांक काढून घ्यावा. तो दहा अक्षरांचा असून सरकारी फी ५०० रुपये आहे. टपाल खात्याने २०२२ पासून ठिकठिकाणी डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तेथे निर्यातीचे कागद भरता येतात. मालाचा वर्गांकही अचूक हवा. थानातले रेशमी कापड ५००७ या शीर्षकाखाली येते, तर शाल व ओढणी ६२१४ खाली. नुसते 'कापड' असे लिहिल्यास पार्सल अडकून पडण्याचा संभव असतो. 'हातमागावर विणलेली, शुद्ध टसर रेशमाची शाल, नग एक' असे स्पष्ट लिहावे.

आता तिसरी गोष्ट, आणि आजच्या भाषणाचे मुख्य प्रयोजन. "किंमत निम्मी लिहा," किंवा "भेटवस्तू म्हणून लिहा, म्हणजे जकात वाचेल," असे विणकराला सुचविणारे बहुधा आपल्यासारखे सुशिक्षित गृहस्थच असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण जकातीच्या त्या कागदावर सही विणकराची असते. माल जप्त झाला तर त्याचा होतो. पार्सल गहाळ झाले तर लिहिलेल्या किमतीपलीकडे भरपाई मागण्यास त्याला तोंड उरत नाही. आपण वाचविलेल्या चार पैशांचा धोका अशा रीतीने ज्याला तो सर्वांत कमी झेपेल त्याच्या माथी बसतो.

जकातीच्या नाक्यावर विणकराचे भवितव्य ठरणे हे आजचेच नव्हे. १७०० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हिंदुस्थान, इराण व चीन येथील रेशमी वस्त्रे आणि रंगविलेले वा छापलेले सुती कापड आपल्या देशात वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. आपल्या कारागिरांचा माल वाईट होता म्हणून नव्हे, तर तो लोकांना फार आवडत होता म्हणून! परराष्ट्राचा कायदा बदलणे विणकराच्या हाती तेव्हा नव्हते व आजही नाही. त्याच्या हाती आपला माग आणि आपला खरेपणा एवढेच असते.

तेव्हा श्रोतेहो, आपला मुलगा किंवा भाची परदेशातून कोशाचे वस्त्र मागवील, तेव्हा विणकराला दोनच वाक्ये लिहून पाठविण्यास तिला सांगावे: "खरी किंमत लिहा. जकात आम्ही देऊ." एवढ्याने विणकराची सही खरी राहील, आणि शाल जिच्यासाठी विणली तिच्याच खांद्यावर पडेल.